बुडाखालची सहा अक्षरं

चिनी मातीचं जुनं भांडं हातात आलं, की माणूस पहिल्यांदा ते उलटं करतो. वरची निळी नक्षी, भांड्याचा बांधा, तोंडाची गोलाई हे सगळं राहतं बाजूला. बुडाखाली दोन निळ्या वर्तुळांत सहा चिनी अक्षरं दिसली, की चेहरा उजळतो आणि तोंडातून शब्द निघतो, ‘मिंग!’ मला या भांड्यांचा नाद आहे ही बातमी गेल्या तीसेक वर्षांत नात्यागोत्यात पुरती पसरली आहे. त्यामुळे लग्नात, मुंजीत, एकदा तर तेराव्याच्या जेवणानंतर, कुणी तरी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलदाणी काढतं आणि म्हणतं, “यावर काय लिहिलंय तेवढं वाचा ना.” माझं चिनी लिपीचं ज्ञान पन्नास-साठ अक्षरांच्या पुढे गेलेलं नाही, पण या सहा अक्षरांना तेवढं पुरतं. वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचत जायचं. ‘महान मिंग घराण्यातील श्वानदे राजवटीत घडवलेलं’. एवढं ऐकून मंडळी खूश होतात. मग मी सांगतो की, श्वानदेची राजवट १४२६ ते १४३५ अशी होती हे खरं, पण हे भांडं त्या काळातलं आहे असं या अक्षरांवरून अजिबात ठरत नाही. इथून पुढे माझ्या वाट्याला येणारा चहा जरा कमी गोड असतो.

सही, शिक्का आणि तारीख यांवर आपला भारी विश्वास. सरकारी कागद हाताळून लागलेली सवय असेल. चीनमध्ये मात्र जुन्या राजवटीचं नाव नव्या भांड्यावर घालायची चाल कैक शतकांची आहे, आणि दर वेळी तिच्यामागे फसवण्याचा हेतू होता असं नाही. छिंग घराण्यातल्या कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) जिंगदेझेनच्या कारागिरांनी श्वानदे आणि छंगह्वा या मिंग राजवटींची नावं असंख्य भांड्यांवर घातली. त्यांच्या लेखी ते दिवस या कलेच्या भरभराटीचे होते आणि ते नाव घालणं म्हणजे गुरूचं नाव घेणं होतं. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा तुकोबांनंतरच्या किती अभंगांना लागली आहे, ते संशोधकांना विचारा. त्या सगळ्या रचनाकारांना आपण लबाड म्हणत नाही.

गंमत पुढेच आहे. १६७७ साली जिंगदेझेनच्या अधिकाऱ्यानं भांड्यांवर विद्यमान सम्राटाचं नाव घालायला बंदी केली. भांडं फुटायचं, खापऱ्या उकिरड्यावर जायच्या आणि त्यांच्याबरोबर सम्राटाचं नावही पायदळी यायचं, हे कसं चालावं? मग कारागिरांनी दोन वर्तुळं तेवढी काढली आणि आत एखादं पान, एखादा ससा रंगवला. कधी वर्तुळ रिकामंच सोडलं. म्हणून बुडाखाली नुसतं रिकामं वर्तुळ दिसलं तर मी खुर्ची पुढे ओढतो. सहा अक्षरं दिसली तर मागे टेकून बसतो.

अक्षरांवर भरवसा नाही, तर मग भांडं ओळखायचं कसं? त्यासाठी ते घडतं कसं हे आधी ठाऊक हवं. ‘चिनी माती’ असं आपण एका दमात म्हणतो. पण उत्तम पोर्सलिनमध्ये दोन वस्तू असतात. एक केओलिन ही पांढरी माती. जिंगदेझेनजवळच्या काओलिंग या डोंगरावरून हे नाव जगभर गेलं. दुसरा एक विशिष्ट दगड, कुटून, पाण्यात निवळून, त्याच्या विटा पाडतात. चिनी कारागीर पहिलीला भांड्याची हाडं म्हणत आणि दुसऱ्याला मांस. दोन्ही मळून घडवलेलं भांडं सुमारे तेराशे अंश तापमानाला भाजलं, की मांस वितळून काचेसारखं होतं आणि हाडं त्याचा आकार धरून ठेवतात. म्हणून ते पातळ असूनही कणखर असतं, उजेडासमोर धरलं तर त्यातून बोटांची सावली दिसते आणि टिचकी मारली तर घंटेसारखं वाजतं. मडकं वाजवून घ्यावं हे आपल्या आज्यांचं शहाणपण इथंही लागू पडतं. केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो.

हे गुपित युरोपला अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उलगडलेलं नव्हतं. जर्मनीतल्या माइसेनला १७१० मध्ये कारखाना निघाला. आणि जिंगदेझेनमध्ये राहणाऱ्या दांत्रकोल नावाच्या एका फ्रेंच जेसुइट पाद्र्यानं १७१२ आणि १७२२ साली मायदेशी दोन लांबलचक पत्रं लिहून सगळी कृती कळवली. आजच्या भाषेत याला औद्योगिक हेरगिरी म्हणायला हरकत नाही. पण त्या पाद्र्याची नजर तीक्ष्ण होती. एकेक भांडं सत्तर माणसांच्या हातांखालून जातं, असं तो लिहितो. कुणी फक्त वर्तुळं काढायचा, कुणी फक्त फुलांची बाह्यरेषा, कुणी तिच्यात रंग भरायचा. सही करणारा एक कलावंत इथे नाहीच. त्यानं भट्टीच्या देवाची गोष्टही ऐकली होती. दरबाराकडून एकदा अवाढव्य भांड्यांची मागणी आली. भट्टीमागून भट्टी बिघडत गेली, अधिकाऱ्यांचे फटके पडत राहिले. शेवटी एका कारागिरानं पेटत्या भट्टीत उडी घेतली आणि त्या खेपेला भांडी निर्दोष निघाली. मिंग घराण्याच्या वानली राजवटीतला हा थुंग बिन जिंगदेझेनमध्ये देव झाला, त्याचं देऊळ झालं. दंतकथा म्हणून सोडून द्यायला हरकत नाही. पण कारागिरांना ती खरी वाटावी असं त्यांचं आयुष्य होतं, एवढं नक्की.

आता भांडं पाहू. मी सर्वांत आधी पाहतो ते बुडाचं कडं. भांडं भट्टीत ज्यावर टेकतं त्या कड्यावर झिलई नसते, असली तर ते खालच्या बैठकीला चिकटेल. म्हणजे सगळ्या भांड्यात माती उघडी दिसते ती इथेच. ती बोटानं चाचपायची. कांगशी काळातल्या चांगल्या भांड्याचं कडं बारीक मातीचं, गुळगुळीत, कडेनं अलगद गोलावलेलं असतं. त्याआधीच्या भांड्यांत उघडी माती झिलईला मिळते तिथे पुष्कळदा तांबूस छटा येते, कारण मातीतलं लोह भट्टीत तापून रंग देतं. भट्टीतली वाळू चिकटलेली असते, चाकावर सुरीनं कातल्याच्या खुणा असतात. नवं भांडं इथे फार स्वच्छ असतं, नाहीतर मुद्दाम फार मळवलेलं असतं. चहाच्या पाण्यात उकळून, चिखलात पुरून, आम्लानं झिलईची चमक मारून म्हातारपण आणायची विद्या चांगलीच पुढे गेली आहे. पण सोनाराचं भिंग लावून पाहिलं तर खऱ्या वापराचे ओरखडे आडवेतिडवे, जिथे हात लागतो, चमचा फिरतो तिथे दाट असतात. पॉलिश पेपरचे ओरखडे शिस्तीत एका दिशेनं जातात. म्हातारपणाला इतकी शिस्त नसते.

मग रंग. निळा रंग कोबाल्टचा. चौदाव्या शतकात युआन घराण्याच्या काळात तो इराणच्या बाजूनं यायचा, आणि इराणी-अरबी गिऱ्हाइकांसाठी चिनी कुंभारानं चिनी मातीवर लावायचा. एका वस्तूत दोन संस्कृती कशा भेटतात ते पाहायचं असेल तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सर पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहातली फुलदाण्यांची जोडी पाहावी. तिच्या मानेवर ती देवळाला अर्पण केल्याचा मजकूर आहे आणि सालही, म्हणजे आपल्या हिशेबानं १३५१. (अक्षरांवर भरवसा ठेवू नका असं मी म्हणतो, पण हा सणसणीत अपवाद. युआन काळातली निळी भांडी ओळखायला अभ्यासकांनी याच जोडीचं माप वापरलं.) त्या कोबाल्टमध्ये लोह जास्त. त्यामुळे पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या भांड्यांवर निळ्या रेषेत जागोजाग काळसर ठिपके साकळलेले दिसतात, बोटाला किंचित खोलगट लागतात. तो मुळात रंगातला दोष. अठराव्या शतकातल्या कारागिरांनी जुन्यासारखं दिसावं म्हणून तो कुंचल्याच्या टोकानं ठिपके देऊन रंगवला. तिथे ठिपके फार सारख्या अंतरानं पडतात.

घरच्या घरी करण्याजोगी सर्वांत सोपी परीक्षा गुलाबी रंगाची. दाट, अपारदर्शक गुलाबी मीना सोन्यापासून करतात आणि चीनच्या भांड्यांवर तो १७२० च्या सुमारास अवतरला. तेव्हा गुलाबी कमळं आणि बुडाला मिंगचं नाव असं एकत्र दिसलं तर पुढे वाद घालायचं कारण नाही. आणि बुडाखाली इंग्रजीत ‘चायना’ असेल तर बहुधा भांडं १८९१ नंतरचं. आयात मालावर देशाचं नाव असलंच पाहिजे असा कायदा अमेरिकेनं तेव्हा अमलात आणला.

ही गुलाबी परीक्षा मला प्रत्यक्षात उपयोगी पडली ती ग्रँट रोडच्या एका पारशी बाईंच्या घरी. वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली, पैशांची ओढ. दिवाणखान्यात गुलाबी फुलांची मोठी फुलदाणी, खाली छंगह्वाची सहा अक्षरं. एका व्यापाऱ्यानं तिची घसघशीत किंमत सांगितली होती. अट एवढीच की कपाटातल्या जुन्या बशाही सोबत द्यायच्या, ‘वरकड’ म्हणून. मी फुलदाणी पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, सुबक, पण छंगह्वाशी तिचा नावापुरता संबंध. मग बशा मागवल्या. अकरा होत्या. बुडाखाली एक अक्षर नाही. वर कँटनच्या रंगाऱ्यांनी रंगवलेली माणसं, फुलपाखरं, आणि मधोमध त्यांच्या खापरपणजोबांच्या नावाची आद्याक्षरं. असे संच मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी मुद्दाम घडवून आणवले होते. व्यापाऱ्याला काय हवं होतं, ते लगेच कळलं. तो फुलदाणीच्या नावाखाली बशांचे पैसे देत होता, आणि तेही निम्मे.

मी सगळं समजावून सांगितलं. बाईंना व्यापाऱ्यापेक्षा फुलदाणीचा राग आला. “दिकरा, पण खोटं नाव घातलंच कशाला?” मी तुकारामबोवांचा दाखला दिला, तो त्यांच्या गळी फारसा उतरला नाही. मग मीच विचारलं, खापरपणजोबा चीनला काय न्यायचे? “कापूस,” त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, “आणि दुसरं पण. मला ठाऊक आहे.”

ते दुसरं म्हणजे माळव्याची अफू. मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी आणि अफूच्या पेट्या कँटनला जायच्या आणि येताना चहा, रेशीम, चिनी भांडी यायची. ज्या गलबतातून गारो साडी आली त्याच गलबतातून या बशा आल्या. पहिल्या अफूयुद्धात चीन हरला आणि १८४२ साली नानकिंगचा तह त्याच्यावर लादला गेला. त्याच साली जमशेटजी जीजीभॉय यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या दातृत्वानं मुंबईला इस्पितळ दिलं, कलाशाळा दिली. आपण सगळेच त्याचे लाभार्थी आहोत, तेव्हा नाकानं कांदे सोलायचं कारण नाही. पण मुंबईतलं जुनं चिनी भांडं समजून घ्यायचं तर त्याच्या झिलईइतकाच हा हिशेबही वाचावा लागतो. बाईंनी माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “खरं आहे. पण बशा तरी त्यांनी पैसे मोजून घेतल्या होत्या ना?”

हो, घेतल्या होत्या. सगळीच भांडी तशी आलेली नाहीत. १८६० साली ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन हा सम्राटांचा उन्हाळी प्रासाद लुटला आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकमानं जाळला. त्या फौजेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. तिथली भांडी, जेड, चित्रं युरोपच्या लिलावांत पोहोचली, आणि आज चिनी धनिक तीच परत विकत घेण्यासाठी बोली चढवताना दिसतात. अव्वाच्या सव्वा किमतींची सगळी नाही, पण बरीचशी कारणं या जखमेत आहेत. २०१४ साली छंगह्वा काळातला, कोंबडा-कोंबडी आणि पिलं रंगवलेला एक चिमुकला पेला हाँगकाँगला २८ कोटी हाँगकाँग डॉलरना गेला. घेणाऱ्या शांघायच्या धनिकानं पहिल्यांदा काय केलं, तर त्यातून चहा प्यायला. लोकांनी नावं ठेवली. मला तो गृहस्थ आवडला. पेला प्यायलाच असतो.

अशा बातम्या वाचून माळे धुंडाळणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. न्यूयॉर्क राज्यात कुणी २००७ साली घरगुती विक्रीत तीन डॉलरना घेतलेला पांढरा वाडगा सुंग काळातला, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा निघाला आणि २०१३ मध्ये बावीस लाख डॉलरना गेला. ही एक. दुसरी २०२२ ची. फ्रान्समध्ये फॉन्तेनब्लो इथे आजीच्या घरातली एक निळी-पांढरी फुलदाणी लिलावाला आली. जाणकारानं ती विसाव्या शतकातली ठरवून दीड-दोन हजार युरो अंदाज लावला. बोली लागली ७७ लाख युरोंची! खरेदीदार म्हणत होते अठराव्या शतकातली, जाणकार आपल्या मतावर ठाम राहिला, आणि त्याची त्या कामावरून गच्छंती झाली. कोण बरोबर? भांडं हातात न घेता मी बोलणार नाही. पण किंमत वाढली म्हणून वय वाढत नाही, हे त्यानं म्हटलं असेल तर मी त्याच्या बाजूचा.

मग साध्या माणसानं हा छंद करूच नये की काय? अवश्य करावा, फक्त विकत घेण्यापासून सुरुवात करू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी-जपानी भांडी आहेत, तिथे मुलांना घेऊन जावं. मुलांना चिन्हांचा खेळ फार आवडतो. चिनी भाषेत वटवाघूळ आणि सुख यांचा उच्चार एकच, ‘फू’. म्हणून भांड्यावर पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. आपल्याकडे घरात शिरलं तर केरसुणी घेऊन मागे लागतात! मासा म्हणजे ‘यू’, आणि ‘यू’ म्हणजे शिल्लक, भरपूर उरणं. एकदा हे कळलं की मुलं काचेला नाक लावून भांडी वाचू लागतात. दौलताबादला गेलात तर चिनी महालाच्या भिंतीवर उरलेली निळी नक्षी पाहा. चिनी भांड्याच्या रंगाची मोहिनी दख्खनपर्यंत कशी पोहोचली होती ते कळेल. गोव्यात चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझा यांच्या वाड्यातही जुनी चिनी भांडी आहेत.

पैसे घालायचेच तर फुटक्यात घाला. अखंड भांड्याच्या मानानं टवका उडालेलं, तडा गेलेलं भांडं फार स्वस्त मिळतं आणि शिकवतं मात्र जास्त, कारण तुटलेल्या कडेला मातीचा आतला रंग आणि झिलईची जाडी दिसते. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर मी खापऱ्याच जास्त विचारतो. दुकानदार हसतात, पण चहा पाजतात. बुडालेल्या जहाजांवरचा मालही चांगला. १८२२ साली दक्षिण चिनी समुद्रात बुडालेल्या ‘तेक सिंग’ या जहाजातून साडेतीन लाखांच्या आसपास भांडी निघाली आणि २००० साली जर्मनीत श्टुटगार्टला विकली गेली. त्यातली एक बशी मित्राकरवी माझ्याकडे आली आहे. खाऱ्या पाण्यानं तिची चमक गेली, पण वयाबद्दल शंका नाही. आणि हे लक्षात असू द्या की, शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. परदेशी गिऱ्हाइकाचं आमिष कुणी दाखवलं तर दोन हात लांब राहा.

त्या पारशी बाईंनी फुलदाणी वेगळी विकली. व्यापाऱ्यानं आधी सांगितलेल्या रकमेच्या पाव हिश्शाला गेली. उरलेले पैसे भाच्यानं घातले, गुडघा झाला. बशा काही त्यांनी विकल्या नाहीत. वाढदिवसाला त्या बशांतूनच रवो वाढतात आणि पाहुण्यांचे चमचे त्या आद्याक्षरांवरून खरखरत फिरतात तेव्हा माझा जीव वरखाली होतो.

माझ्या संग्रहातली मला सर्वांत आवडती वस्तू कांगशी काळातली एक मोडकी थाळी आहे. तिचे तीन तुकडे झाले होते आणि ते धातूच्या बारीक टाक्यांनी जोडलेले आहेत. चीनमध्ये दारोदार फिरून भांडी सांधणारे कारागीर होते. हिऱ्याच्या टोकाच्या सामत्यानं ते अर्ध्या जाडीपर्यंतच भोक पाडत, आरपार जाऊ देत नसत, आणि गरम टाका त्यात बसवून थंड होताना तो आवळला जाई. हिऱ्याचा सामता नसेल तर पोर्सलिनच्या कामाला हात घालू नये, अशी म्हणच आहे तिकडे. माझ्या थाळीला मागून अकरा टाके आहेत. बाराव्यासाठी भोकं पाडलेली आहेत. टाका घातलाच नाही की कधी गळून पडला, ते काही कळत नाही.